दिवसपाळीची रंगीत तालीम

वाळवंटात जाऊन पोहायचं ही अक्कल माझी नव्हे, लेकीची. ती दूरदेशी नोकरीला असते आणि तिथून आमचा संसार चालवते. फोनवर म्हणाली, "आई, सलग सुट्ट्या आल्यात, बाबांची प्रेसही बंद झालीय. जा की दोघं कुठेतरी. आयुष्यात कधी जोडीनं गेलात का?"

मी म्हटलं, "लग्नांना गेलोय की."

"लग्नात बाबा खुर्चीत बसून पेंगत असतात आणि तू त्यांना कोपरानं ढोसत असतेस. ते नाही धरायचं."

पोरगी तिखट आहे, माझ्यावर गेलीय. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं. नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होता. संध्याकाळी घर सोडायचा, पहाटे परतायचा. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. लोक उपाशीपोटी, कावलेल्या चेहऱ्यानं उजाडताच दारात उभे असतात, म्हणून मला अंधारातच निघावं लागतं. नमुने झाले की दिवसभर रिपोर्टच्या खिडकीवर बसायचं आणि दिवेलागणीला घरी. लेक लहान असताना आम्ही हे ठरवूनच केलं होतं. पोरीला शेजाऱ्यांच्या गळ्यात मारायचं नाही, दोघांतलं एक कायम घरात पाहिजे. शाळेत एकदा तिला घराचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं पलंग काढला आणि त्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेतलेलं कुणीतरी. बाईंनी विचारलं, "हे कोण?" तर म्हणे, "जे झोपलं असेल ते." त्या चित्रावर आम्ही कितीतरी वर्षं हसलो.

आमची भेट दारात व्हायची. तो यायचा, अंगाला शाईचा वास, हातात नुकत्याच छापलेल्या पेपरची घडी. मी चपला शोधायची. त्या दहा-पंधरा मिनिटांत तो मला रात्रीच्या गमती सांगायचा. कुणी कुणाचा फोटो उलटा लावला, गठ्ठे उचलणारा झोपेत कसा चालला. संध्याकाळी पुन्हा दारातच माझी पाळी. सुई बघून चक्कर आलेला पहिलवान, 'माझंच रक्त घेणार का' म्हणून विचारणारी बाई. मी हसत हसत जिना उतरायची, तो हसत हसत जिना उतरायचा. शेजारीण म्हणायची, "तुमचं बरं आहे बाई, कधी भांडण म्हणून ऐकू येत नाही." भांडायला वेळ लागतो. तो आमच्याकडे नव्हता.

लेक शिकायला बाहेर पडली तेव्हाच मी म्हणाले होते, आता दिवसपाळी मागा. त्यानं मागितली. साहेब नाही म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली, पुन्हा नाही. "काय करणार," तो म्हणायचा, "मोठ्या मशीनवर त्यांना जुना माणूसच हवा. साहेब ऐकतच नाहीत." मी त्या साहेबाला घरातल्या घरात इतकी लाखोली वाहिली की त्याला रोज ठसका लागत असणार. कारण रात्री एकटीनं जेवायचं म्हणजे काय ते मला विचारा. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला मी 'थोडं वाढू का' असं विचारायचीच बाकी होते. तापानं फणफणले होते तेव्हा ओल्या पट्ट्या माझ्या मीच ठेवल्या, आणि माझ्या मीच उचलल्या. छापखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात हेच साहेब हात जोडून पुढे आले, "कशा आहात?" म्हणाले. मी सरळ तोंड फिरवून पाणी प्यायला निघून गेले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलंस."

आणि आता जुनी प्रेस बंद झाली होती. माणसांना दोन वाटा दिल्या होत्या. एक, गावातच पाठ्यपुस्तकं छापायच्या विभागात दिवसपाळी. दुसरी, शहराबाहेरच्या नव्या प्रेसमध्ये रात्रपाळी. सुट्टीनंतर जाऊन काय ते सांगायचं. सांगायचं काय त्यात? दिवसपाळीच. मी लॅबमध्ये कळवूनही टाकलं होतं की इथून पुढं संध्याकाळी जादा थांबणार नाही, घरी माणूस असणार आहे. सगळ्या पोरी मला चिडवायला लागल्या. या वयात मी चक्क लाजले.

"दिवसपाळीची रंगीत तालीम समजा," गाडीत बसताना मी नवऱ्याला म्हटलं.

"तालीम कसली," तो म्हणाला आणि पिशव्या वर ठेवायला लागला.

गाव म्हणजे एक सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना हॉटेलं, मधूनमधून चष्मे आणि टोप्या विकणारी दुकानं, आणि रस्ता संपला की वाळू. आमच्या हॉटेलात रांगेनं झाडं लावली होती आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी बारीक नळी. सलाईन लावलेल्या पेशंटांच्या वॉर्डात शिरल्यासारखं वाटलं. छापखान्याचं या हॉटेलशी काहीतरी संधान होतं, सवलत मिळायची, त्यामुळे तिथली निम्मी माणसं कधी ना कधी इथंच येऊन गेलेली.

पोचलो ते भर दुपारी. बाहेर चिटपाखरू नाही. खोली गार होती, पलंग एवढा मोठा की आमच्या घरी तो दारातून आतच आला नसता. प्रवासानं दोघंही दमलेलो. मी खिडकीकडच्या बाजूला जाऊन बसले, तर नवराही तिथंच येऊन उभा.

"सरक ना. ही माझी बाजू आहे," तो म्हणाला.

"तुमची कशी? मी रोज खिडकीकडे झोपते."

"मी पण."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं एका पलंगाच्या एकाच बाजूवर, एकाच उशीवर, आळीपाळीनं झोपलो होतो. दुसरी बाजू कपड्यांच्या घड्या ठेवायला. मला हसू फुटलं. मी म्हणाले, ही गंमत तर लेकीला सांगायलाच हवी. तोही हसला, पण लगेच भिंतीकडच्या बाजूला गेला आणि पाठ करून पडला. झोप दोघांनाही लागली नाही. आपल्या शेजारी कुणी श्वास घेतंय, याचंच भान येत राहिलं.

पुढचं सांगायचं तर दारातलं आमचं बोलणं पोहण्याच्या तलावाकाठी खुर्च्या मांडून बसल्यावर चहाच्या पहिल्या कपातच संपलं. मग काय बोलायचं? मी म्हटलं, पाणी स्वच्छ आहे. तो म्हणाला, हो. तो म्हणाला, ऊन आहे. मी म्हटलं, वाळवंट आहे. तो मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस, साधं 'मीठ दे' म्हटलं तरी चार टेबलं वळून बघतात. सकाळी मी टवटवीत, तेव्हा तो खाली मान घालून डुलणार. संध्याकाळी त्याला तरतरी येणार, तेव्हा माझे डोळे मिटणार. खातानाचा त्याचा गुणगुणण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि खोटं कशाला बोलू, मला वैताग आला. साखर न घातलेला चहा हा माणूस चमच्यानं ढवळत का बसतो? पण मी मनाशी म्हटलं, होईल सगळं सुरळीत. नवी लग्न झालेली पोरंपोरीसुद्धा सुरुवातीला धडपडतातच. आमचं एवढंच, की आमची धडपड केस पिकल्यावर सुरू होतेय. मला हे सगळं हवं होतं. त्या चमच्यासकट हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला छापखान्याचा जुना फोरमन भेटला. निवृत्त झालेला, पोट सुटलेला, गळ्यात रंगीत टॉवेल. बरोबर त्याची बायको. तिला मी मनातल्या मनात फोरमनीण म्हणते, कारण नवऱ्यापेक्षा हुकूम तीच जास्त सोडते. मला ती कधीच आवडली नव्हती. कार्यक्रमांत ती माझ्याकडे बघून दुसऱ्या बायकांशी कुजबुजायची, असं मला नेहमी वाटायचं.

चौघं एका टेबलावर बसलो. नवरा कलिंगड आणायला गेला. तेवढ्यात फोरमनीण डोळे मिचकावून म्हणाली, "मग काय, आता तरी रात्रीचं घरात घेणार ना भाऊजींना?"

मला वाटलं, काहीतरी चावट विनोद असेल. मी हसले. "म्हणजे?"

"आता आमच्यापासून काय लपवता! सगळ्या प्रेसला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

फोरमननं बायकोला डोळ्यांनी दाबायचा प्रयत्न केला, पण ती दबणाऱ्यांतली नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. चेष्टा चालायची आपली. साहेब दर वर्षी याला विचारायचे, बाबा, लेक मोठी झाली, आता दिवसपाळी घे. मी स्वतः किती वेळा सांगितलं. हा म्हणायचा, मिसेसला चालणार नाही. रात्री घरात कुणी असलं की तिला झोप लागत नाही. मग पोरं म्हणायची, याला बायको रात्रीचं घरात घेत नाही. एवढंच हो. बाकी काही नाही."

माझं कामच असं आहे की समोरच्याला सुई टोचताना चेहरा हसरा ठेवायचा. तो कामी आला. मी म्हणाले, "पुरुषांच्या गप्पा म्हणजे काय विचारूच नका." आणि पावाला लोणी लावलं. ते मी एवढा वेळ लावत बसले की पाव मोडला. आत काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. ते साहेब हात जोडून उभे होते ना माझ्यापुढे? बिचाऱ्यानं माझ्या नवऱ्याची कीव येऊन विचारपूस केली असेल, आणि मी तोंड फिरवलं. सगळ्यांना वाटलं असेल, बघा, म्हणतात ते खरंच आहे. बाई आहे की कोण!

नवरा दोन बशा घेऊन आला, आमच्या तिघांचे चेहरे बघितले आणि त्याचा चालता पाय जरासा अडखळला. तेवढ्यावरून मला कळलं की फोरमन खोटं बोलत नव्हता.

खोलीवर आल्यावर मी दार लावलं. तो बूट काढायला बसला.

"दिवसपाळी कोण देत नव्हतं?" मी विचारलं.

तो नाडीशी खेळत राहिला. "फोरमन बरळला वाटतं काहीतरी."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"देत होते," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"दर वर्षी?"

"हो."

"मग तुम्ही घेतली का नाही?"

"अगं, आपलं चांगलं चाललं होतं."

"आपलं? आपलं कुणाचं? मी तिकडे भिंतींशी बोलत होते. ताप आला तर कपाळावर ठेवायला दुसऱ्याचा हात नव्हता घरात. माझं काय चाललंय हे विचारलंत कधी?"

"दारात तू हसत असायचीस."

मला त्या क्षणी त्याचं तोंड बघवेना. मी खिडकीपाशी गेले. बाहेर एक माणूस तलावातली वाळू लांब दांड्याच्या जाळीनं काढत होता. काढली की वाऱ्यानं पुन्हा पडत होती.

पाठीमागून नवरा म्हणाला, "मला भीती वाटायची. दारात मी बरा असतो. पंधरा मिनिटं कुणीही बरा असतो. मी रात्रभर मशीनवर उभा राहून ठरवायचो, आज तुला काय सांगायचं. एक-दोन गोष्टी जमवायचो, जमल्या नाहीत तर रचायचो. त्याच्यापुढं माझ्याजवळ काही नाही. कालपासून तू बघतेयसच."

तो झोपेत चालणारा गठ्ठेवाला, ते उलटे फोटो. कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं, मी विचारलं नाही. विचारून तरी काय करणार होते? थोडी दयाही आली, नाही असं नाही. माणूस माझ्यासाठी रात्रभर गोष्टी जमवत होता. पण दयेनं राग विझत नाही, उलट तो कुठं ठेवायचा हेच कळेनासं होतं.

"हे मला सांगायचं होतं," मी म्हणाले. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला? आणि माझ्या नावावर का खपवलंत?"

"मग काय सांगायचं होतं? मला घरी जायचं नाही म्हणून? लोक काय म्हणाले असते?"

"आणि बायको घरात घेत नाही म्हटलेलं चालतं?"

"त्याला लोक हसतात," तो म्हणाला. "हसतात आणि सोडून देतात. पुढं विचारत नाहीत."

एवढं स्वच्छ उत्तर त्यानं मला कधीच दिलं नव्हतं. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. मला लेकीला फोन लावून ओरडावंसं वाटलं. यांतलं काहीच न करता मी त्यानं पसरून टाकलेला ओला टॉवेल उचलला आणि दांडीवर टाकला. हात आपोआप घरची कामं करतात, त्यांना काही कळत नाही.

"बरं, झालं ते झालं," तो म्हणाला. "आता घेतो दिवसपाळी. सुट्टी संपली की जाऊन सांगतो. तू म्हणशील तसं."

मी वळून पाहिलं. रक्त द्यायला येणारी भित्री माणसं एक हात पुढं करतात आणि तोंड भिंतीकडे फिरवून डोळे मिटून घेतात. घ्या एकदाचं, म्हणतात. तो अगदी तसा बसला होता. मी ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली, ती गोष्ट हा माणूस मला अशी देत होता.

"नको," मी म्हणाले. "रात्रपाळीच घ्या."

मी ते रागानं म्हणाले. त्याला दुखावं म्हणून म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर वाट बघत राहिले. त्यानं फक्त 'नाही' म्हणायला हवं होतं. 'नाही, मला घरी यायचंय,' एवढं सुद्धा नको, नुसतं 'नाही'. भांड गं माझ्याशी, म्हणाला असता तरी मी सगळं गिळलं असतं. तेव्हाचं तेव्हाच गिळलं असतं.

त्यानं मान वर केली. "खरंच म्हणतेस?"

त्याच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. मी रोज कितीतरी माणसांना घेरी आल्यावर सावरताना बघते, आधी ओठ, मग गाल. तसंच. "नाही, म्हणजे तिकडची मशीन नवी आहे," तो म्हणाला. "चारही रंग एकदम. आपल्या जुन्या मशीनवर रंग जरा सरकला की माणसाच्या ओठांची लाली गालावर जायची. तिकडे तसं नाही. सगळं आपोआप जुळतं. शिकायला वेळ लागेल, पण मी शिकेन. तुला एकदा दाखवायला नेतो." तो बोलतच राहिला. दोन दिवसांत मिळून तो एवढं बोलला नव्हता. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा झाला, आणि मी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिले, कारण दुसरीकडे जायला खोलीत जागा नव्हती.

संध्याकाळी जेवायला खाली गेलो तर फोरमननं आमच्यासाठी जागा धरून ठेवली होती. सकाळच्या प्रकाराची त्याला टोचणी लागली असावी. खुर्च्या ओढून दिल्या, पाणी ओतून दिलं. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलंच, "मग काय ठरलं? दिवस की रात्र?"

नवऱ्यानं घास तोंडात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. घास एवढा मोठा नव्हता. तो वाट बघत होता, मी काय बोलते त्याची. मी खरं सांगितलं असतं तर तो त्या टेबलाखाली गेला असता, आणि मला तेच करायचं होतं. शब्द ओठावर होते. पण मग मी कोण झाले असते? जिच्याकडे घरी जायला नवरा घाबरतो ती. त्यापेक्षा ती दुसरी बाईच बरी, नवऱ्याला बाहेर ठेवणारी. तिच्याकडे निदान घराची किल्ली तरी असते.

"रात्र," मी म्हणाले. "मला नाही बाई चालत रात्रीचं कुणी घरात."

फोरमननं टेबलावर थाप मारली. शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली. सगळ्यांत मोठ्यानं नवरा हसला. हसता हसता त्यानं टेबलाखाली माझा हात शोधून दाबला, लोक उपकार करणाऱ्याचा दाबतात तसा, आणि फोरमनला नव्या मशीनबद्दल सांगायला लागला.

फोरमनीण तेवढी नीट हसली नव्हती. ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "पण खरं सांगा, एकटं नाही का हो वाटत तुम्हाला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लेकीनं नाही, नवऱ्यानं नाही.

"वाटतं ना," मी म्हणाले. "फार वाटतं."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या दंडावर चापट मारली आणि मान मागं टाकून हसत सुटली.